पाणबुड्याच्या टोपाला आतून दिलेला लेप

पुरवणी जबाब

जबाब देणार: मयताची पत्नी, वय ५८ वर्षे, धंदा शाळेत प्रयोगशाळा परिचर, नुकतीच सेवानिवृत्त. पूर्ण नाव आणि पत्ता माझ्या पहिल्या जबाबात आहे. त्यात बदल नाही.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मला आज कोणी बोलावलेले नाही. मी स्वतःहून आले आहे. माझे पती वारले त्या दिवशी संध्याकाळी माझा पहिला जबाब घेण्यात आला. तो मला वाचून दाखवला होता आणि त्यावर सही माझीच आहे. परंतु त्यातील काही मजकूर खरा नाही. आमच्या गल्लीतल्या रंगवाल्यांनी लेपाचा डबा देताना मला काहीही सांगितले नाही, असे मी म्हटले होते. त्यांनी सांगितले होते. लेप दिलेला टोप पूर्ण सुकला होता आणि त्याला वास नव्हता, असेही मी म्हटले होते. वास होता.

त्या जबाबाच्या आधारावर माझ्या धाकट्या दिरांनी रंगवाल्यांविरुद्ध तक्रार दिली. त्यांच्या दुकानाला सध्या कुलूप आहे आणि त्यांना रोज ठाण्यात हजेरीला यावे लागते. म्हणून हा जबाब देत आहे.

माझे पती नाटकांसाठी मुखवटे, मुकुट आणि टोप बनवत. आमच्या गल्लीत त्यांना सगळे टोपवाले म्हणत. घराची बाहेरची खोली हीच त्यांची कामाची जागा. सध्या एका नाटकासाठी पाणबुड्याचा टोप बनवणे चालू होते. जुन्या काळचे पाणबुडे डोक्यावर पितळेचा गोल टोप घालत, समोर वाटोळी खिडकी असे, तसा. आमचा टोप कागदाच्या लगद्याचा आणि कापडाच्या पट्ट्यांचा होता. बाहेरून दिलेला रंग असा होता की हात लावेपर्यंत तो कागद आहे असे कोणी म्हटले नसते. गळ्याशी पत्र्याचे कडे होते. ते खांद्यावरच्या पट्टीत बसे आणि मागे एक खिट्टी लागे. टोप खाली दाबला की खिट्टी आपोआप बसते. काढताना मात्र दुसऱ्या माणसाला ती मागून दाबावी लागते. स्वतःचा हात तिथपर्यंत नीट पोहोचत नाही. नाटकात हे काम कपडेपटाचा माणूस करतो. घरी मी करत असे.

तालमीत टोपाबद्दल तक्रारी आल्या. दिव्यांचा उजेड खिडकीतून आत जाई आणि आतला पांढरट कागद चमके. नट आमच्या घरी येऊन म्हणाला, "काका, मी पाणबुड्या कमी आणि कंदिलातली वात जास्त दिसतोय." शिवाय त्याच्या श्वासाने आणि घामाने लगदा आतून मऊ पडू लागला होता. संवाद म्हणताना ओठांना कपटे चिकटत. "वाक्य बोलू का थुंकू, ते एकदा ठरवून द्या," असेही तो म्हणाला. माझे पती खूप हसले. त्यांनी टोप ठेवून घेतला. आतून आधी चमक नसलेला काळा रंग द्यायचा आणि तो वाळल्यावर ओल शिरू नये म्हणून वर लेप द्यायचा, असे ठरले.

आतून रंगवणे हे बाहेरून रंगवण्यापेक्षा अवघड काम आहे. टोप उताणा, म्हणजे उघडी बाजू वर करून, कापडाच्या चुंबळीवर ठेवावा लागतो. कुंचल्याचा दांडा कापून बोटाएवढा केलेला असतो, नाहीतर तो आत फिरत नाही. आतला भाग डोळ्यांना दिसत नाही. माझे पती दुसऱ्या हातात लहान आरसा धरून काम करत, दातांचे डॉक्टर धरतात तसा. कपाळ, नाक आणि गाल जिथे टेकतात त्या जागा ते बोटाने चाचपत. घाई अजिबात करत नसत. "बाहेरून चुकलं तर प्रेक्षक शिव्या देतो. तो घरी जातो. आतून चुकलं तर नट देतो. तो रोज भेटतो," असे ते म्हणत.

माझ्या पतींना वास येत नसे. बऱ्याच वर्षांपूर्वी आलेल्या तापात वास कमी झाला आणि राहिलेला रंगांनी घालवला. ही गोष्ट मी पहिल्या जबाबात सांगितली नाही, कारण ती आम्ही कोणालाच सांगत नव्हतो. दिरांनाही माहीत नाही. नाटकवाल्यांना कळले तर आतले काम आपल्याला कोण देईल, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून लेप सुकला की नाही हे वासावरून सांगण्याचे काम माझ्याकडे होते. लेप वरून बोटाला कोरडा लागला तरी आतून ओला असू शकतो. ते फक्त वासावरून कळते.

मी सकाळी लवकर शाळेत जात असे आणि ते उशिरा उठत. त्यामुळे आमच्यात एक रीत पडली होती. जाण्यापूर्वी मी टोपाचा वास घेई. वास असेल तर टोप होता तसा उताणाच ठेवायचा. वास गेला असेल तर तो पालथा करून, चेहरा दाराकडे करून ठेवायचा. दाराकडे चेहरा म्हणजे जायला तयार. ते याला माझा शेरा म्हणत. पाहुणे आले की सांगत, "या घरात मी मजूर. तपासनीस आत चहा करतायत." मी कधी चुकीचा शेरा दिला नव्हता.

शाळेत मी मुलांना सांगत असे की बाटलीला नाक लावायचे नाही, हाताने वारा घेऊन लांबून वास घ्यायचा. घरी मात्र मी टोपात डोके घालून वास घेत असे. अशा लेपांची वाफ हवेपेक्षा जड असते आणि झाकलेल्या जागेत कोंडून राहते, हे मला माहीत आहे. ते माहीत नव्हते असे मी म्हणू शकत नाही.

पतींच्या मृत्यूपूर्वी काही दिवस आमचे बोलणे बंद होते. घरात काही वाद होता का, असे मला पहिल्या दिवशी विचारले तेव्हा मी नाही म्हणाले. वाद नाही, अबोला आहे, असे तेव्हा मी मनाशी म्हटले. आता विचार केल्यावर तो वादच होता असे सांगते.

कारण असे की, शाळेत माझा निरोप समारंभ होता. मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलायला उभे केले. मला भाषणाची सवय नाही. थोडी वाक्ये पाठ करून गेले होते. पहिले वाक्य झाले आणि दारातून माझे पती आत आले. ते तालमीवरून परस्पर आले होते आणि डोक्यावर पाणबुड्याचा टोप होता. तेव्हा तो आतून कोरा होता. पाण्याच्या तळाशी चालल्यासारखे, एकेक पाय सावकाश उचलून, हातांनी पाणी बाजूला सारत ते माझ्यापर्यंत आले आणि वाकून मला नमस्कार केला. मुले बाकांवर चढली. शिपाई हसून हसून खाली बसला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "अहो, हे तुमचे मिस्टर? किती वर्षं लपवून ठेवलंत!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर सगळी मुले त्यांच्याभोवती जमली. टोप कोण घालून पाहणार याची रांग लागली. माझी बाकीची वाक्ये राहिली.

घरी येताना त्यांनी टोप परत डोक्यावर घातला होता. घरी आल्यावर मी त्यांना म्हटले, "सगळी वर्षं तिथे परीक्षानळ्या धुतल्या मी. एक दिवस माझा होता. तोही तुम्ही डोक्यावर घालून घेऊन आलात."

ते म्हणाले, "अगं, मुलं किती हसली!"

मी म्हटले, "मुलं मला निरोप द्यायला आली होती. तुमचा खेळ बघायला नाही. ह्यापुढे असलं काही डोक्यावर घालून माझ्यासमोर माकडचाळे करायचे नाहीत. करायचेच असतील तर माझ्याशी बोलायचं नाही."

त्यांनी टोप काढून मेजावर ठेवला. खरे तर खिट्टी त्यांना काढता येईना, म्हणून माझ्यासमोर पाठ करून उभे राहिले. मी ती दाबली आणि आत गेले.

आमच्याकडे अबोला नवा नव्हता. तो नेहमी तेच मोडत. हाताशी जे असेल ते डोक्यावर घालून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. एकदा राक्षस होऊन आले होते. एकदा घोड्याचे तोंड घालून आले आणि ओट्यावरची कोथिंबीर खाऊ लागले. मी हसले की झाले. या वेळी त्यांनी काय करावे हे त्यांना सुचत नसावे, कारण तेच मी बंद केले होते.

त्या दिवसांत आम्ही एकमेकांशी न बोलता भिंतीशी बोलत होतो. मी म्हणायचे, "कुणाचा तरी चहा गार होतोय." ते म्हणायचे, "चहात साखर घालायची असते, हे लोक विसरलेत." मी म्हणायचे, "लोकांसमोर साखरेचा डबा आहे." समोरच्या घरातील शेजारीण एकदा आली होती. ती म्हणाली, "तुमच्यात बसायचं म्हणजे मधल्या भिंतीची परवानगी घ्यायला हवी बाई." ही चेष्टा होती. वैर नव्हते.

काळा रंग देऊन झाल्यावर लेपाचा डबा रिकामा असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी रिकामा डबा माझ्या पिशवीशेजारी आणून ठेवला. बाजारात जाताना मी तो घेतला. रंगवाल्यांचे दुकान गल्लीच्या टोकाला आहे. ते माझ्या पतींना दादा आणि मला वहिनी म्हणतात. आमचा व्यवहार त्यांच्याकडेच असे. त्यांनी मला दुसरा डबा दिला आणि जे सांगितले ते मला शब्दशः आठवते. ते असे:

"वहिनी, दादांचा नेहमीचा संपलाय. हा दुसरा आहे, जाड आहे. वरून झटकन सुकल्यासारखा दिसतो, पण आतून ओला राहतो. नेहमीपेक्षा दुप्पट दिवस ठेवायला सांगा. आणि तोंडाशी येणारी वस्तू असेल तर वास पूर्ण गेल्याशिवाय घालू देऊ नका. हा डोक्यात चढतो."

मी सांगते म्हणाले.

ते म्हणाले, "नक्की सांगा हं. नाहीतर थांबा, मीच दादांना फोन लावतो."

त्यांनी फोन हातात घेतला होता. मी म्हटले, "फोन कशाला? एकाच घरात राहतो ना आम्ही."

त्यावर ते हसले आणि त्यांनी फोन खाली ठेवला. आमच्यात बोलणे नाही, हे बाहेरच्या माणसाला कळू नये म्हणून मी तसे म्हटले होते.

घरी येऊन डबा मेजावर ठेवला. निरोप सांगायचा तर बोलावे लागले असते. भिंतीला उद्देशून सांगता आला असता. चहाबद्दल मी भिंतीशी बोलत होते, याबद्दल बोलले नाही. डब्यावर सूचना छापलेल्या आहेत, ते वाचतील, असे मनात आणले. ते डब्यावरचे कधी वाचत नसत हे मला माहीत होते. तो डबा जप्त झालेला आहे.

त्याच दिवशी त्यांनी लेप दिला. नंतर टोप चुंबळीवर उताणा ठेवून पंखा त्यात वारा जाईल असा लावला. नेहमीच्या लेपाला जेवढे दिवस लागत तेवढे त्यांनी थांबून पाहिले. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी बोट फिरवून पाहिले. मग माझ्याकडे पाहिले आणि आंघोळीला गेले. मी वास घ्यावा एवढ्यासाठी ते बाजूला झाले असे मला वाटले. मी घ्यायला गेले नाही.

मला इस्त्री करायची होती. आमच्याकडे मोठे मेज तेवढे एकच. एरवी मी "जरा ते उचला" असे म्हटले असते. मी स्वतःच टोप उचलला. उचलताना वास आला. भपकारा नव्हता, पण होता. गोडसर, घशात बसणारा. स्टुलावर चुंबळ मावत नव्हती, म्हणून टोप पालथा ठेवला. पालथा तो आपल्या कड्यावर नीट बसला. खिट्टी पडद्यात अडकत होती म्हणून फिरवला, तेव्हा खिडकी दाराकडे आली. मी शेरा म्हणून तो तसा ठेवला नाही. इस्त्रीची पिन लावायला जागा हवी होती म्हणून पंख्याची पिन काढली.

ते खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले. टोप कसा ठेवला आहे ते त्यांनी पाहिले. मग भिंतीकडे पाहून म्हणाले, "शेरा मिळाला वाटतं."

मी इस्त्री फिरवत राहिले.

ते म्हणाले, "भांडण भांडणाच्या जागी, पण कामात माणूस पक्का आहे हां." हेही भिंतीलाच. त्यांचा आवाज खूश होता.

अजून वास आहे, एवढेच म्हणायचे होते. म्हटले असते तर आधी मी बोलले असे झाले असते. मी शर्ट उलटा केला आणि पाठीवर पाणी शिंपडले.

टोप लावल्यावर खिडकीवर वाफ धरते अशी नटाची आणखी एक तक्रार होती. ती किती धरते ते पाहायचे म्हणून त्यांनी आरशासमोर उभे राहून टोप डोक्यावर घातला आणि खाली दाबला. खिट्टी बसल्याचा आवाज मी ऐकला. एरवी टोप दाबण्यापूर्वी ते मला हाक मारून मागे उभे करत. त्या दिवशी हाक मारली नाही. मी खोलीतच होते.

खिडकी जाड प्लास्टिकची होती. थोड्या वेळात ती आतून पांढरी झाली आणि त्यांचा चेहरा दिसेनासा झाला. ते माझ्याकडे वळले. दोन्ही हात वर करून त्यांनी हलवले. खिडकीवर बोटाने टकटक केले. मग एक हात मानेमागे नेला, खाली आणला, परत नेला. त्यानंतर पाय जड टाकत माझ्याकडे येऊ लागले. शाळेत ते अगदी असेच चालले होते.

मला वाटले, अबोला मोडायला आले.

मी मनाई केलेलीच गोष्ट ते करत आहेत असे वाटून मला राग यायला हवा होता. मला हसू आले. ते त्यांना दिसू नये म्हणून मी पाठ फिरवली आणि कॉलरवर इस्त्री दाबून धरली. तरी हसू आवरेना आणि मी मोठ्याने हसले. समोरच्या शेजारणीने आपल्या जबाबात, आमच्या घरातून आधी हसण्याचा आणि मग काही पडल्याचा आवाज आला असे सांगितले आहे. तिचे सांगणे बरोबर आहे. त्याबद्दल मला विचारले तेव्हा टीव्ही चालू होता असे मी सांगितले. टीव्ही बंद होता. हसले ती मी.

ते माझ्या मागे पडले. मी लगेच वळले नाही. मी म्हटले, "पुरे झालं आता. उठा. चहा टाकते." अबोला धरल्यापासून त्यांच्याशी बोललेले हे माझे पहिले शब्द. ते त्यांना ऐकू गेले किंवा नाही हे मला सांगता येत नाही.

मी उरलेल्या बाहीला इस्त्री केली. मग वळले.

ते कुशीवर पडलेले होते आणि एक हात मानेमागे होता. मी तो हात बाजूला केला आणि खिट्टी दाबली. खिट्टी सुटल्याबरोबर वास आला. टोप ओढून काढला. लेपाखालचा काळा रंग सुटून त्यांच्या कपाळाला आणि नाकाला लागला होता. तो ओला होता. मी शेजारणीला हाक मारली आणि ती गाडी बोलवायला धावली. ती परत येईपर्यंत मी फडके भिजवून त्यांचे तोंड पुसले. लोक येतील आणि ते सोंगातल्यासारखे दिसतील, असे माझ्या मनात आले. पंचनाम्यात चेहऱ्यावर रंगाची खूण नाही असे लिहिलेले असेल, तर त्याचे कारण ती मी पुसली होती हे आहे. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी ते वाटेतच गेले असे सांगितले. त्यांना हृदयाचा त्रास होता आणि गोळ्या चालू होत्या. वाफेने गुदमरून हृदय बंद पडले, असे डॉक्टरांचे म्हणणे मी ऐकले आहे. त्यापलीकडे मला माहिती नाही.

पहिला जबाब घेतला तेव्हा माझे दीर शेजारी बसले होते. ते म्हणाले, "वहिनी, रंगवाल्यानं काही सांगितलं होतं का? काही म्हणजे काहीच नाही ना?" मी मान हलवली. हवालदारांनी ते लिहून घेतले. खोटे सांगायचे असे मी ठरवले नव्हते. परंतु लिहून झाल्यावर दुरुस्तही केले नाही, आणि पुढचे सगळे त्याला जुळेल असे सांगत गेले.

रंगवाले तिसऱ्या दिवशी आमच्याकडे भेटायला आले होते. दिरांनी त्यांना दारातच अडवले. तरी ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "वहिनी, मी तुम्हाला सांगितलं होतं ना?" त्यांनी दमदाटी केली असे दिरांनी तक्रारीत लिहिले आहे. तसे झाले नाही. त्यांचा आवाज लहान होता. मी पाणी आणते म्हणून आत गेले आणि ते जाईपर्यंत बाहेर आले नाही. पाण्याचा तांब्या भरून ओट्यावर ठेवला होता.

काल दीर ठाण्यातून घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, तो आता वळणावर येतोय. साहेबांना म्हणाला, दुकानात गर्दी होती, कदाचित मी सांगायचं विसरलोही असेन." दीर हे मला दिलासा म्हणून सांगत होते. दुकानात त्या वेळी गर्दी नव्हती. मी एकटीच होते. त्यांनी मला दोनदा सांगितले आणि फोन हातात घेतला होता. माझ्यामुळे त्यांचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास गेला, हे ऐकल्यावर मला घरी बसता आले नाही.

दिरांना मी यातले काही सांगितलेले नाही. त्यांचे भावावर फार प्रेम होते. आज तेच मला ठाण्यापर्यंत घेऊन आले. रंगवाल्यांविरुद्ध आणखी काही सांगायचे असेल, असे समजून त्यांनी रजा काढली आहे. तक्रार त्यांनी माझ्या सांगण्यावर विसंबून दिली. त्यात त्यांचा दोष धरू नये.

जबाब सुरू करण्यापूर्वी साहेब मला म्हणाले, "बाई, तुम्ही दुःखात आहात. आठवडाभर थांबून या हवं तर. हे कागदावर आलं की तुमच्यावर येतं, लक्षात घ्या." मी आजच घ्या म्हटले. रंगवाल्यांच्या दुकानाचे कुलूप काढावे, एवढी माझी विनंती आहे. मला काय होईल हे मी विचारलेले नाही.

जबाब लेखनिक हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "इस्त्रीच्या घाईत वास लक्षात आला नाही" असे आले. मी तसे सांगितले नव्हते. हवालदार म्हणाले, "तुमच्याच भल्यासाठी घातलं हो, मावशी." ते मी खोडायला लावले, त्या जागी "वास आला होता, मी बोलले नाही" असे लिहून घेतले आणि शेजारी सही केली. त्यानंतर माझ्या विनंतीवरून खोलीचे दार उघडून जबाब पुन्हा पहिल्यापासून वाचण्यात आला. बाहेर रंगवाले आणि माझे दीर बसलेले होते. त्या दोघांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचला गेला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला असून बरोबर आणि खरा आहे.